सुगंधी तेलाने डाऊनी जाईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिंडोरी भागात दोन एकर थॉमसन द्राक्ष, बांधाला केशर आंब्याची काही झाडे. माल 'रेसिड्यू फ्री' (औषधाचा अंश नसलेला) म्हणून निर्यातीला द्यायचा आहे. दुकानातून लवंग, दालचिनी आणि गवती चहाच्या तेलाचे मिश्रण असलेली बाटली घेतली. लिटरला 5 मिली टाका, डाऊनी (केवडा) आणि भुरी हे दोन्ही रोग जातील, दुसरे काही मारायची गरज नाही, असे सांगण्यात आले. हे कितपत खरे, आणि हेच तेल आंब्याच्या पेटीत वापरता येईल का?

भाऊ, आधी ती बाटली बाजूला ठेवा. लिटरला 5 मिली म्हणजे 0.5 टक्के. लवंगेच्या तेलात 70 ते 90 टक्के युजेनॉल हे मुख्य द्रव्य असते. अमेरिकेत लवंग तेलाची तणनाशके विकली जातात. त्यांचे प्रमाण याच्या बरेच वर असते हे खरे, पण काम तेच: पानाच्या पेशींची आवरणे फोडून पान जाळायचे. तुमच्या 0.5 टक्क्याने जुने पान कदाचित निभावेल, पण फळछाटणीनंतरचा कोवळा फुटवा आणि फुलोऱ्यातला घड निभावेलच असे कोणी सांगू शकत नाही. शिवाय अशी बाटली सगळीकडे सारखी पसरत नाही. ड्रममध्ये तेल पाण्यापासून सुटे पडले की एखाद्या ओळीला 0.5 नव्हे, त्याच्या कितीतरी पट तेल जाते. स्कॉर्चिंग, म्हणजे पान जळणे, येते ते बहुधा तिथेच.

आता हे तेल खोटे आहे का? नाही. सुगंधी तेले बुरशी मारतात, यात शंका नाही. ओव्याच्या तेलातले थायमॉल, लवंगेतले युजेनॉल, दालचिनीच्या सालीतले सिनॅमाल्डिहाइड, गवती चहातले सिट्रल ही सगळी रेणूंनी लहान आणि पाण्यात न मिसळणारी द्रव्ये. बुरशीच्या पेशीचे आवरणही स्निग्ध, त्यामुळे ती त्यात शिरतात, आवरण गळके होते, आतले क्षार बाहेर येतात आणि बीजाणू रुजत नाही. एकाच ठिकाणी नेम धरून मारणाऱ्या औषधांना बुरशी जशी सरावते, तशी ती इथे सहज सरावत नाही, कारण मार एका जागी नसतो. स्ट्रोबिल्युरिन गटातल्या बुरशीनाशकांना डाऊनी जगभर कशी सरावली ते बागायतदारांना वेगळे सांगायला नको. तेव्हा तेलात दम आहे. प्रश्न आहे तो दम उघड्या बागेत किती वेळ टिकतो याचा.

प्रयोगशाळेत बशीवर झाकण असते. तेलाची वाफ आत कोंडून राहते आणि बुरशी दिवसेंदिवस त्या वाफेतच असते. म्हणून शोधनिबंधांत दर दुसरे तेल शंभर टक्के परिणाम दाखवते. बागेत झाकण नाही. पानावर पडलेले तेल वाऱ्याने, उन्हाने काही तासांत उडून जाते. जे उरते त्याचे ऊन आणि हवेमुळे दुसऱ्याच कशात तरी रूपांतर होते. ही तेले पानात शिरून वर-खाली फिरत नाहीत आणि नव्याने फुटलेल्या पानाला काहीच संरक्षण देत नाहीत. ज्या गुणामुळे ती रेसिड्यूत सापडत नाहीत, त्याच गुणामुळे ती टिकत नाहीत. दोन्ही फायदे एकत्र मागू नयेत.

हे ध्यानात घेतले की डाऊनीचे उत्तर आपोआप मिळते. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतरचे पहिले 50-60 दिवस डाऊनीचे. परतीचा पाऊस, पहाटेचे दव, पान ओले. डाऊनीचा रोगकारक ही खरी बुरशी नव्हेच, तो शेवाळाच्या जवळच्या कुळातला. त्याचे पोहणारे बीजाणू पाण्याच्या पातळ थरातून पानामागच्या रंध्रापर्यंत जातात आणि आत घुसतात. एकदा आत गेला की वरून मारलेले तेल त्याला गाठू शकत नाही. पानावर रोगाचा तेलकट डाग दिसेपर्यंत आत वस्ती झालेली असते. रोज ओले होणारे, रोज वाढणारे पान आणि काही तासांत उडणारे औषध, ही जोडी जमत नाही. डाऊनीच्या काळात तुमचा आधार राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीतलीच औषधे, बोर्डो (मोरचूद-चुन्याचे मिश्रण), मोकळी कॅनॉपी म्हणजे पानांचा विरळ पसारा आणि हवामानाकडे लक्ष. या काळात तेलाच्या भरवशावर राहाल तर घड जातील. दुकानदाराने 'बाकी काही नको' म्हटले, ते वाक्य मला सगळ्यात धोक्याचे वाटते. तेल मारून पान जळले तर पुढचा फुटवा येईल. पण 'आता औषध मारलेय' म्हणून पावसाचे तीन दिवस बाग तशीच ठेवली, तर त्या हंगामाचा घड परत येत नाही.

भुरीची गोष्ट वेगळी. भुरीची बुरशी पानावर आणि मण्यावर बाहेरच पसरते, फक्त अन्न शोषायला वरच्या थरातल्या पेशीत नळ्या घुसवते. म्हणजे तिचे सगळे शरीर उघड्यावर, फवाऱ्याच्या टप्प्यात. तिला पाण्याचा थरही लागत नाही, त्यामुळे ती कोरड्या ढगाळ हवेत, साधारण 20 ते 27 अंशांत जोर धरते, जेव्हा पावसाने औषध धुऊन जायची भीती कमी असते. अशा ठिकाणी संपर्कातून मारणारे तेल उपयोगी पडू शकते. युरोपात संत्र्याच्या सालीच्या तेलाची औषधे द्राक्षाच्या भुरीसाठी नोंदलेली आहेत. घडातल्या राखी बुरशीसाठी तिथे थायमॉल, जिरॅनिऑल आणि युजेनॉल यांचे 'मेव्हालोन' नावाचे औषध वापरतात. त्याच्या मात्रेचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. एका लिटरमध्ये थायमॉल 66, जिरॅनिऑल 66 आणि युजेनॉल 33 ग्रॅम, हेक्टरी 4 लिटर. म्हणजे तिन्ही मिळून हेक्टरी 660 ग्रॅम. आपल्याकडे हेक्टरी 1000 लिटर पाणी धरले तर झाले 0.066 टक्के. तुमच्या बाटलीवरच्या शिफारशीच्या सात-आठ पट कमी! आणि तेही साधे तेल नाही. यीस्टच्या पेशींच्या रिकाम्या कवचात ते भरलेले असते, पान ओले झाले की हळूहळू सुटते. त्या कवचाला पैसे पडतात, आणि कमी मात्रेत काम होते ते त्याच्यामुळे. आपण बाटलीतले उघडे तेल 0.066 टक्क्याने मारून त्याच निकालाची अपेक्षा केली तर ती पुरी होणार नाही.

मग तुम्ही काय करावे? डिसेंबरनंतर, डाऊनीचा धोका सरल्यावर आणि मण्यात पाणी उतरण्याच्या, म्हणजे मणी मऊ पडू लागण्याच्या आधी, भुरी नुकती दिसायला लागली असेल तर एखाद-दुसरी फवारणी म्हणून तेलाला जागा आहे. त्याआधी गंधक, पोटॅशियम बायकार्बोनेट, भुरीवर जगणारी अँपिलोमायसिस बुरशी यांसारखे पर्याय तुमच्याकडे आहेतच, आणि ते स्वस्तही पडतात. तेल हे त्या माळेतले एक मणी आहे, माळ नव्हे.

पाणी उतरल्यानंतर मात्र तेल घडावर अजिबात नको. कारण लव. मण्यावरची ती पांढुरकी लव म्हणजे मेण, आणि निर्यातदार आधी तीच बघतो. तेलाने आणि त्याबरोबरच्या साबणाने ती विरघळते. हे तुम्हाला पटवायला लांब जायला नको. सांगली-तासगावकडे बेदाण्यासाठी घड कशात बुडवतात? लिटरला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑइल. ते तेल मेणाचा थर विस्कटते म्हणूनच मणी लवकर सुकतो. बेदाण्यासाठी जे हवे तेच खाण्याच्या द्राक्षात नको: लव गेलेला मणी चकचकीत हिरवा दिसतो, वजन लवकर घटते, पेटीत पाणी सोडतो. एका घडावर मारून दुसऱ्या दिवशी दोन्ही घड शेजारी धरून बघा. न मारलेल्या मण्यावर बोट फिरवले की बोटाचा ठसा उमटतो. मारलेल्यावर उमटत नाही, कारण पुसायला काही उरलेलेच नसते.

वासाचाही प्रश्न आहे. द्राक्ष सालीसकट खाल्ले जाते. सालीत मुरलेला लवंगेचा वास खाणाऱ्याला कळतो. आंबा, केळी, संत्री यांची साल टाकून देतो, म्हणून तिथे थोडी मोकळीक मिळते.

तेलाची चाचणी करायचीच असेल तर पद्धत सांगतो. पारदर्शक बाटलीत तुमच्या बोअरचेच एक लिटर पाणी घ्या, आरओचे नको. दुसऱ्या कोरड्या भांड्यात तेल आणि ट्वीन-80 किंवा तशाच प्रकारचा इमल्सिफायर (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) निम्म्या ते समान प्रमाणात आधी चांगले घोटून घ्या. त्यात चमचा-चमचा पाणी घालत जा. आधी ते घट्ट साईसारखे होते, मग एकदम सैल पडून दुधासारखे होते. ते दूध बाटलीतल्या पाण्यात ओता, हलवा आणि अर्धा तास ठेवून द्या. अर्ध्या तासाने बाटलीच्या गळ्याशी पिवळसर कडे दिसले, वर चट्टे तरंगले किंवा तळाशी तेल बसले, तर ते मिश्रण बागेत नेऊ नका. बरेच जण इमल्सिफायरऐवजी कपडे धुण्याचा साबण घालतात. कठीण पाण्यात साबणाचा चोथा होतो, तेल सुटे पडते, वर नोझल चोंदते. नाशिक-सोलापूरकडच्या बऱ्याच बोअरना असे कठीण पाणी आहेच.

दूध नीट जमले तर कोपऱ्यातली एक ओळ निवडा. सुरुवात 0.05 टक्क्याने, म्हणजे 100 लिटरला 50 मिली तेल. संध्याकाळी ऊन उतरल्यावर, पान कोरडे असताना. 48 तासांनी पानांच्या कडा, कोवळे शेंडे आणि मण्यांचे देठ बघा. काही नसेल तरच पुढच्या वेळी 0.1 टक्का. त्यावर मी जाऊ देत नाही. ड्रममध्ये ढवळणे चालू ठेवा, आणि तयार केलेले सगळे त्याच दिवशी संपवा. गंधक मारलेल्या बागेत दोन आठवडे तेल नको. खनिज तेल आणि गंधक जवळजवळ मारल्याने पान जळते हे माहीत आहेच, इथेही तेच पथ्य पाळा. ट्रायकोडर्मा, अँपिलोमायसिस किंवा बॅसिलस या जैविक औषधांबरोबर टाकीत तेल घालू नका. तेलाला चांगली बुरशी आणि वाईट बुरशी यातला फरक कळत नाही. एका टाकीत जैविक आणि सुगंधी तेल दोन्ही ओतून 'डबल ऑरगॅनिक' फवारणी केल्याचे लोक अभिमानाने सांगतात, तेव्हा काय बोलावे ते सुचत नाही.

रेसिड्यूबद्दल. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे नाकारली गेली, ते नाशिकला कोणी विसरलेले नाही. त्यामुळे 'रेसिड्यू फ्री' हा शब्द ऐकला की खिसा सैल होतो, आणि तिथेच फसवणूक होते. कीडनाशक कायदा 1968 चा आहे. बुरशीनाशक म्हणून जे विकायचे त्याची केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे नोंदणी लागते. तुमच्या बाटलीवर नोंदणी क्रमांक आहे का? 'वनस्पतिजन्य अर्क', 'पीक टॉनिक' असे काही लिहून बुरशीनाशक म्हणून विकले जात असेल, तर आत काय आहे याची हमी कोणाचीच नाही. अशा बाटल्यांत न सांगता रासायनिक बुरशीनाशक मिसळलेले सापडण्याचे प्रकार घडले आहेत. वनस्पती तेलाने भुरी दोन दिवसांत साफ झाली आणि पुढे तीन आठवडे आली नाही, असे कोणी सांगितले तर मला आनंद होत नाही, संशय येतो. उडून जाणारे तेल तीन आठवडे काम करत नाही. निर्यातीचा प्लॉट असेल तर अशी बाटली वापरण्याआधी तिचाच नमुना प्रयोगशाळेतून तपासून घ्या. घडाचा रिपोर्ट खराब आल्यावर काही करता येत नाही.

शुद्धतेचेही तसेच. गवती चहाच्या तेलात बाहेरून बनवलेले सिट्रल, लवंग कळीच्या तेलाऐवजी लवंगेच्या पानाचे किंवा देठाचे तेल, हे बाजारात सर्रास चालते. दालचिनीत तर दोन वेगळीच तेले आहेत. सालीच्या तेलात मुख्य सिनॅमाल्डिहाइड, पानाच्या तेलात मुख्य युजेनॉल. दोन्हीवर नाव 'दालचिनी तेल'च. मात्रा, वास, पान जळण्याचा धोका, सगळे वेगळे. विकणाऱ्याकडे त्या लॉटचा जीसी रिपोर्ट (तेलात कोणते द्रव्य किती ते दाखवणारी प्रयोगशाळेची तपासणी) मागा. तो देत नसेल तर दुसरा विक्रेता गाठा. कोकणात ज्यांच्या आंबा-नारळाच्या बागेत 'कोकण तेज' जातीच्या दालचिनीची झाडे आहेत, त्यांच्याकडे छाटलेला पाला वाया जातो. त्याच्यावर गावपातळीवर तेल काढण्याचे काम होऊ शकते, आणि ते तेल कोणत्या पाल्याचे ते तरी आपल्याला ठाऊक असते. लोकांच्या मनात आणखी एक गोंधळ असतो: निंबोळी तेल आणि करंज तेल ही या घरातली नव्हेत. ती बी दाबून काढलेली, न उडणारी तेले. त्यांचे काम, मात्रा आणि पथ्ये निराळी.

आता पेटीकडे येऊ, कारण माझ्या मते सुगंधी तेलाची खरी जागा बागेत नाही, काढणीनंतर बंद खोलीत आणि पेटीत आहे. तिथे ऊन नाही, पाऊस नाही, वारा नाही, वाफ कोंडून राहते. बशीवरचे झाकण परत मिळते. जगातली चांगली कामे बहुतेक याच दिशेने आहेत. श्रीलंकेत 2002 च्या सुमारास एम्बुल केळीच्या फणीच्या कापलेल्या बुंध्याला येणाऱ्या कुजीवर दालचिनी आणि लवंग तेल वापरून काम झाले. मलेशियात केळी आणि पपईच्या करप्यासाठी गम अरेबिक डिंकाच्या 10 टक्के द्रावणात 0.4 टक्के दालचिनी तेल मिसळून फळावर पातळ थर दिला. डिंकात अडकल्यामुळे तेल हळू उडते आणि फळाचे पाणीही कमी जाते. मात्रा 0.4 टक्के आहे हे खरे, पण पिकत आलेल्या फळाची जाड साल आणि कोवळे पान यांची बरोबरी होत नाही. दक्षिण आफ्रिकेत ॲव्होकॅडोच्या करप्यावर थाइम तेलाच्या वाफेचे काम झाले आहे. जळगावच्या केळीला आणि नागपूरच्या संत्र्यावरच्या हिरव्या बुरशीला ही दिशा लागू पडते.

तुमच्या केशरचे मात्र जरा अवघड आहे. आंब्याचा करपा फळावर काढणीनंतर बसत नाही. तो मोहोरात, फळ सुपारीएवढे असतानाच सालीवर येऊन रुजतो आणि सालीच्या आत दडून बसतो. फळ पिकायला लागले, त्यातली नैसर्गिक विरोधी द्रव्ये कमी झाली, की जागा होतो. पेटीतली वाफ त्या दडलेल्याला नीट पोचत नाही, उष्णता पोचते. म्हणून पहिले काम गरम पाणी: 52 अंश, 5 ते 10 मिनिटे, थर्मामीटर लावून, हाताच्या अंदाजाने नव्हे. फार तापले तर साल भाजू शकते, कमी पडले तर एवढ्या वेळात फारसा उपयोग होत नाही. मग फळ थंड करून पूर्ण सुकवा. ओल्या फळाची पेटी भरली तर सगळे मुसळ केरात. देठ थोडा ठेवून काढलेल्या फळात देठकूज कमी येते आणि चीकही सालीवर ओघळत नाही, हे तर फुकटात होणारे काम.

त्यानंतर तेल वापरून बघायचे तर थोड्या फळांवर, हवाबंद डब्यात किंवा लहान खोलीत, कापसाला किंवा टीपकागदाला ओवा किंवा थाइम तेल लावून काही तास, आणि कापूस फळाला टेकू न देता. टेकला तिथे काळा डाग पडतो. नेहमीच्या कोरुगेटेड पेटीत तेलाचा कापूस ठेवून उपयोग नाही. पेटीला हवेसाठी भोके असतात, तासाभरात वाफ बाहेर. आणि पिकल्यावर ते आंबे आधी घरच्यांना खायला द्या, काही न सांगता. कोणी 'आंब्याला औषधाचा वास येतोय' म्हणाले तर मात्रा निम्मी करा किंवा नाद सोडा. गिऱ्हाईक तुम्हाला सांगणार नाही, पुढच्या वर्षी नुसते येणार नाही.

हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. दालचिनीच्या सालीचे तेल कातडीवर पडले तर लाल चट्टे उठतात, एकदा ॲलर्जी बसली की पुढे थेंबभरही सहन होत नाही. 'नैसर्गिक आहे' म्हणून उघड्या हाताने मिसळणारे मजूर बघितले की काळजी वाटते. फुलोऱ्यात मधमाशा फिरताना फवारू नका. तेल गडद काचेच्या बाटलीत, गार जागी, शक्यतो काठोकाठ भरून ठेवा. अर्धी बाटली उन्हात राहिली की सिट्रल बिघडते. मोजायला थर्माकोलचा पेला घेऊ नका, संत्र्याच्या सालीच्या तेलात तो विरघळतो. फवारणी झाली की पंप साबणाच्या पाण्याने लगेच धुवा, नाहीतर वॉशर फुगतात आणि पुढच्या फवारणीला प्रेशर येत नाही.